जपानच्या महिला रग्बी खेळाडूचं करिअर नीट कसं समजून घ्यायचं

जपानची एखादी रग्बी खेळाडू आवडली की बहुतेक जण आधी कॅप्स बघतात, म्हणजे देशाकडून टेस्ट मॅचेस (रग्बीत देशादेशांमधल्या मॅचेस) किती खेळली ते, आणि आकडा लहान दिसला की वाटतं ही काय फार मोठी प्लेअर नसणार. तर असं करू नका प्लीज.

पहिलं काम म्हणजे ती साकुरा फिफ्टीनची (जपानची १५ जणींची टीम) आहे का साकुरा सेव्हन्सची (७ जणींची टीम) ते बघायचं. फिफ्टीन्सची मॅच ८० मिनिटांची, सेव्हन्सची १४ मिनिटांची आणि एकाच दिवसात दोन-तीन मॅचेस, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे एकत्र करून काहीच कळत नाही. ऑलिम्पिक फक्त सेव्हन्सला आहे, तेही २०१६ पासून.

मग आकड्याशेजारी वर्षं लिहा, खरी गोष्ट तिथेच कळते. जपान १९९१ च्या पहिल्या महिला वर्ल्डकपला होतं, पण २००२ नंतर थेट २०१७ लाच परत आलं, म्हणजे मधे तीन वर्ल्डकप गेले आणि एक अख्खी पिढी जीव तोडून खेळली तरी तिच्या प्रोफाइलमधे वर्ल्डकप दिसणारच नाही. कोविडमुळे २०२० मधे तर जपानच्या बायकांची एकही टेस्ट झाली नाही. उलट जी मे २०२२ मधे ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी १२-१० ने हरवणाऱ्या टीममधे होती तिची ती एक कॅप मला दहा कॅप्सच्या बरोबरीची वाटते, कारण ऑस्ट्रेलियाविरुद्ध जपानच्या बायकांचा तो पहिलाच विजय होता.

आता सुरुवात कुठून झाली ते शोधा. चिहारु नाकामुरा घ्या. शाळेत बास्केटबॉल खेळायची, रग्बी थेट युनिव्हर्सिटीत गेल्यावर हातात घेतलं, आणि रिओ २०१६ ला ती सेव्हन्सची कॅप्टन. पुढे २०१९ मधे तिने फुकुओकात नानाइरो प्रिझम नावाचा महिला क्लबच उभा केला. आता हे कॅप्सच्या कुठल्या रकान्यात बसवणार सांगा? २०२५ वर्ल्डकपची फिफ्टीन्सची कॅप्टन इरोहा नागाता मात्र लहानपणापासूनच रग्बीतली, त्यामुळे दोघींची तुलना करताना वय नका धरू, रग्बीतली वर्षं धरा.

क्लब पण बघाच. बऱ्याच जणी नोकरी सांभाळून खेळतात, योकोहामा टीकेएम तर हॉस्पिटल ग्रुपचा क्लब आहे, दिवसा काम आणि मग प्रॅक्टिस. काही जणी बाहेर पण जातात, जसं प्रॉप (पुढच्या फळीतली खेळाडू) साचिको काटो इंग्लंडमधे एक्सेटरकडून खेळली.

सर्च करताना एक गोष्ट, जपानीत आडनाव आधी लिहितात, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगने शोधत बसण्यापेक्षा विकिपीडियावरून जपानी लिपीतलं नाव कॉपी करा आणि तेच पेस्ट करा, कितीतरी जास्त मुलाखती आणि व्हिडिओ मिळतात, बाकी ट्रान्सलेटर बघून घेईल.

आणि मॅच बघायचीच तर २०२५ वर्ल्डकपची स्पेनविरुद्धची यॉर्कमधली बघा, जपान २९-२१ ने जिंकलं. एकदा सगळी बघा, मग परत लावून फक्त आपल्या प्लेअरवर नजर ठेवा. १ ते ८ नंबरची, म्हणजे फॉरवर्ड असेल तर तिचं काम स्क्रम (दोन्हीकडच्या फॉरवर्ड्स एकमेकींना ढकलतात ते), टॅकल आणि रकमधे (जमिनीवरच्या बॉलसाठीची झटापट) दिसेल, ट्राय (समोरच्यांच्या गोललाइनपलीकडे बॉल टेकवणं) किती केले ते शोधत बसू नका.