बर्फाच्या प्रदेशात हॉट हॅचबॅक निवडताना

कॅनडात टोरांटो, मिसिसागा किंवा ब्रॅम्प्टनमध्ये राहणाऱ्या ज्या माणसाचे मन फोक्सवॅगनची गोल्फ जीटीआय किंवा होंडाची सिव्हिक टाइप आर अशा हॉट हॅचबॅकवर, म्हणजे जोरकस इंजिनाच्या छोट्या घरगुती गाडीवर, बसलेले असते, तो शोरूमच्या दारापर्यंत जाऊन बहुधा दोन प्रश्नांपाशी अडतो: ही गाडी हिवाळ्यात चालेल का, आणि विकायला काढली तर पैसे किती येतील? मग तो एखादी करड्या रंगाची एसयूव्ही घेऊन घरी येतो आणि पुढची सहा वर्षे ती पार्क केल्यावर तिच्याकडे एकदाही वळून पाहत नाही. दोन्ही शंका रास्त आहेत. मात्र पहिलीचे बरेचसे उत्तर टायरमध्ये आहे आणि दुसरीचे कागद-पेन्सिल घेऊन मांडलेल्या हिशोबात; त्यामुळे दोन्हींचा निकाल आधी लावून मग गाडीकडे वळावे.

१९७६ साली आलेल्या पहिल्या गोल्फ जीटीआयचे इंजिन १.६ लिटरचे आणि ११० अश्वशक्तीचे होते. घरच्या वापराच्या हॅचबॅकमध्ये जोरकस इंजिन आणि घट्ट सस्पेन्शन बसवायचे, हे तेव्हाचे सूत्र आजही बदललेले नाही. सध्याच्या जीटीआयची ताकद २४१ अश्वशक्ती आहे, तर टाइप आरची ३१५. चाकणमध्ये बनलेली फोक्सवॅगनचीच पोलो चालवून ज्यांनी पुणे सोडले, त्यांना जीटीआयच्या स्टिअरिंगवर हात ठेवताच काहीतरी ओळखीचे वाटेल.

आता हिवाळ्याकडे वळू. या गाड्यांना कारखान्यातून अनेकदा उन्हाळी टायर लावलेले येतात. पारा ७ अंशांच्या खाली गेला की त्यांचे रबर कडक होऊ लागते आणि कोरड्या रस्त्यावरही पकड सुटते. कडाक्याच्या थंडीत गाडी हलवल्यास त्यांना चिरा पडण्याचीही शक्यता असते. त्यामुळे पहिल्या बर्फाची वाट पाहत बसणे चूक आहे. ऑक्टोबरच्या शेवटी विंटर टायर बसवून घ्यावेत, आणि टायरच्या कडेवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेले चिन्ह आहे याची खात्री करावी. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात असे टायर कायद्यानेच सक्तीचे आहेत. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत तशी सक्ती नाही, परंतु २०१६ पासून तेथील विमा कंपन्यांना विंटर टायर लावणाऱ्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते, ती मागून घ्यावी.

टायर वेगळ्या रिमवर चढवूनच घ्यावेत आणि ती रिम मूळ रिमपेक्षा लहान असावी. जीटीआयच्या वरच्या मॉडेलवर २३५/३५ आर १९ मापाचा टायर असतो, म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, कडेची उंची तिच्या ३५ टक्के आणि रिम १९ इंचांची. त्याच्या कडेची उंची जेमतेम ८२ मिलिमीटर भरते, आणि मार्च महिन्यात बर्फ वितळून रस्त्यात जे खड्डे पडतात, त्यांतला एखादा खोल खड्डा अशा टायरसकट रिमही वाकवू शकतो. त्याऐवजी २२५/४५ आर १७ घेतल्यास एकूण व्यास केवळ दोन टक्क्यांनी कमी होतो आणि कडेची उंची १०१ मिलिमीटर होते. हे १९ मिलिमीटर जास्तीचे रबर म्हणजे खड्ड्यांविरुद्धचा सर्वांत स्वस्त विमा होय. रिम घेण्यापूर्वी ती पुढच्या ब्रेक कॅलिपरला, म्हणजे डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला, घासणार नाही ना, हे दुकानदाराकडून लेखी घ्यावे. टाइप आरच्या पुढच्या ब्रेकची डिस्क मोठी असल्याने तेथे १८ इंचांच्या खाली जाण्याच्या भानगडीत पडू नये. वापरलेले विंटर टायर घेत असाल, तर खाचांची खोली मोजावी; ती ४ मिलिमीटरपेक्षा कमी असल्यास बर्फात त्यांचा भरवसा धरता येत नाही.

चारही चाकांना ताकद देणारी गाडीच घ्यावी का, हा यापुढचा प्रश्न. ही यंत्रणा थांबलेली गाडी बर्फातून बाहेर काढायला आणि चढ चढायला मदत करते, परंतु ब्रेक लावल्यावर तिचा काहीही उपयोग नसतो, कारण थांबण्यासाठी सगळ्याच गाड्यांकडे तीच चार चाके असतात. ऑल सीझन, म्हणजे बारमाही टायरवरच्या ऑल व्हील ड्राइव्हपेक्षा विंटर टायरवरची पुढच्या चाकांनी चालणारी जीटीआय लाल सिग्नलपाशी मला अधिक विश्वासाची वाटते. तुमचा रस्ता महापालिका वेळेवर साफ करत असेल आणि रोजची धाव ४०१ महामार्गावरची असेल, तर चारही चाकांनी चालणाऱ्या गोल्फ आर किंवा टोयोटाच्या जीआर कोरोलासाठी जास्तीचे पैसे मोजणे गरजेचे नाही. घर उताराच्या ड्राइव्हवेवर असेल किंवा दर शनिवारी उत्तरेकडे स्कीइंगला जायचे असेल, तर गोष्ट वेगळी. मात्र एक लक्षात ठेवावे: या गाड्यांचे पोट जमिनीपासून पाच इंचांच्या आसपासच उंच असते, त्यामुळे फूटभर साचलेल्या बर्फात कितीही चाके फिरली तरी गाडी पोटावर टेकून अडकते.

बर्फापेक्षा मीठ वाईट. रस्त्यावर टाकलेले मीठ गाडीखाली साचते आणि धातू आतून खात राहते. दर हिवाळ्याआधी गाडीखाली गंजविरोधी तेलाचा फवारा मारून घ्यावा आणि पारा शून्याच्या वर गेला की खालून पाण्याने धुऊन घ्यावे. जुनी गाडी पाहायला जाताना टॉर्च आणि एक जुनी चटई बरोबर न्यावी. मागच्या चाकाच्या कमानीच्या आतल्या काठावरून बोट फिरवावे. रंगाखाली फोड लागले, तर आत गंज धरलेला आहे असे समजावे. नंतर चटईवर आडवे होऊन ब्रेकच्या नळ्या पाहाव्यात. विकणारा तोवर काहीतरी बोलत राहील, त्याला बोलू द्यावे.

फेरविक्रीचा हिशोब वर्षाच्या घसाऱ्यात करावा. समजा, हॉट हॅच ३४,००० डॉलरना घेतली आणि पाच वर्षांनी १९,००० ना विकली, तर वर्षाला ३,००० गेले. साधी सेडान २८,००० ना घेऊन १६,००० ना विकली असती, तर वर्षाला २,४०० गेले असते. फरक महिन्याला ५० डॉलर. यात अशा गाड्यांना लागणाऱ्या महागड्या, प्रीमियम पेट्रोलचा फरक मिळवावा: वर्षाला १५,००० किलोमीटर, शंभर किलोमीटरला साडेआठ लिटर आणि लिटरमागे २५ सेंट जास्त धरले, तर साधारण ३२० डॉलर होतात. विम्याचा दर मात्र अंदाजाने धरू नये. गाडीचा इसार देण्यापूर्वी नेमक्या मॉडेलचा दर काढून घ्यावा, कारण सगळा हिशोब तेथेच उलटू शकतो.

ओंटारियोत आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जुनी गाडी डीलरला देऊन नवी घेतली, तर १३ टक्के कर फक्त किमतींच्या फरकावर लागतो. डीलर १९,००० देत असेल, तर करात २,४७० वाचतात. म्हणजे खासगी ग्राहक २१,४७० पेक्षा अधिक देत नसेल, तर त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

किंमत टिकवायची असेल, तर गाडी मुळात होती तशी ठेवावी. इंजिनाचे ट्यूनिंग, मोठा आवाज करणारे सायलेन्सर, खाली उतरवलेले सस्पेन्शन यांवर घातलेला पैसा परत येत नाही, उलट ग्राहक बिचकतो. ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. हाताने गिअर टाकायच्या गाड्यांना ग्राहक थोडे असले तरी ते हटून येतात. जीटीआय आणि गोल्फ आर यांच्यात मॅन्युअल गिअर २०२४ च्या मॉडेलपर्यंतच मिळाला, हे विकताना तुमच्या पथ्यावर पडू शकते.

कोणासाठी कोणती? टाइप आर चालवायला यांतली सर्वांत उत्कट, परंतु तिच्यात चौघांनाच बसता येते. भारतातून आई-वडील आले आणि घरात दोन मुले असली की टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावरून परतताना दोन फेऱ्या ठरलेल्या. जीआर कोरोलाचे तीन सिलिंडरचे ३०० अश्वशक्तीचे इंजिन आणि तिची चारही चाकांची यंत्रणा बर्फात मजा आणते, पण मागची जागा आणि डिकी तोकडी आहे. माझदा ३ टर्बो साध्या पेट्रोलवरही २२७ अश्वशक्ती देते आणि चारही चाकांनी चालते. गिअर मात्र ऑटोमॅटिकच. घरच्या सगळ्या कामांना एकच गाडी असेल, तर मी दोन-तीन वर्षांची, एकाच मालकाची जीटीआय घेण्याचा सल्ला देईन आणि वाचलेल्या पैशांतून टायरचा दुसरा संच.

खरेदीसाठी जानेवारी-फेब्रुवारी निवडावा. त्या दिवसांत अशा गाड्यांकडे फारसे कोणी फिरकत नाही, आणि विकणाऱ्याकडे विंटर टायरचा संच असल्यास तो त्याच किमतीत मागता येतो. मॅन्युअल गाडी चालवून पाहताना चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी तेवढी पुढे गेली नाही, तर क्लचचा खर्च किमतीतून वजा करून घ्यावा. त्याआधी एक गोष्ट करावी. आपण पोहोचेपर्यंत गाडी सुरू करू नका, असे फोनवरच सांगून ठेवावे, कारण थंड इंजिनाच्या पहिल्या अर्ध्या मिनिटात साखळीची खडखड आणि धूर हे दोन्ही कळतात. पोहोचल्यावर हात मिळवण्याच्या आधी हातमोजा काढून बॉनेटवर तळवा ठेवावा. ते कोमट लागले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे.