सोनकीचे फूल न तोडता मागून पाहण्याची युक्ती

कासच्या पठारावर काढलेले फोटो साताऱ्याला घरी येऊन पाहिले की ही सोनकी की रस्त्याकडेचा पिवळा कॉसमॉस, असा प्रश्न पडतो. दोन्ही सूर्यफुलाच्या कुळातली असल्याने समोरच्या फोटोवरून गल्लत होते, आणि नेमकी खूण असते फुलाच्या मागे.

त्यासाठी फूल तोडू नये. मोबाइलचा सेल्फी कॅमेरा सुरू करून तीन सेकंदांचा टायमर लावावा, स्क्रीन आभाळाकडे ठेवून तो फुलाखाली सरकवावा आणि फूल काळवंडू नये म्हणून स्क्रीनवर दिसणाऱ्या, फुलामागच्या हिरव्या पेल्यावर आधी बोट टेकवावे. सोनकीच्या पेल्यात सारख्या उंचीच्या हिरव्या पट्ट्यांची एकच मुख्य ओळ दिसते, तळाशी फार तर काही बारीक पट्ट्या. कॉसमॉसला मात्र आतबाहेर अशा दोन ओळी असतात. एक फोटो पानाचाही घ्यावा. पठारावरचे आणखी एक पिवळे फूल, पाकळीवर दोन लाल ठिपके मिरवणारा कवळा, मात्र समोरूनच ओळखू येतो.

हे सारे वाटेच्या कडेच्या फुलावरच करावे, कारण जांभ्यावरचा मातीचा थर इतका पातळ आहे की एका पावलानेही रोपे उखडतात.