तेलपट्ट्यातली मंदी कशी जोखावी

कोविड महामारीने तेलपट्ट्याचं, म्हणजे तेलविहिरींवर जगणाऱ्या भागाचं, किती नुकसान केलं हे बघताना नुसत्या भावावर जाऊ नका. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे पुढच्या तारखेला तेल घेण्याचा करार, बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. पण वायद्याची मुदत संपत आली होती आणि तेल साठवायच्या टाक्या भरत आल्या होत्या, म्हणून भाव इतका कोसळला.

मी आधी चालू रिग, म्हणजे विहिरी खोदणारी यंत्रं, मोजते. अमेरिकेत त्या ऑगस्टमध्ये २४४ वर आल्या. रिग थांबली की विहिरीत सिमेंट भरणारे, ट्रकवाले, जेवण पुरवणारे यांचं काम लगेच तुटतं. उत्पादन मागाहून घसरतं.

मग बंद विहिरींकडे वळा. विहिरीच्या तोंडाशी मापकावरचा दाब नियमित टिपलाय का? नळीत तेलातलं मेण साचलं, गंज चढला, तर भाव सुधारूनही विहीर पूर्वीसारखी वाहीलच असं नाही. म्हणून कळकळीने सांगते, नोंदी ठेवणाऱ्या माणसाला सगळ्यात शेवटपर्यंत कामावर ठेवा.