इंदूरच्या मराठी स्वयंपाकघरात ग्लूटेनमुक्त राहायचं कसं

सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार, याची शंका आली की बहुतेक घरांत त्याच दिवशी पोळी बंद होते. तसं करू नका. तपासणी पूर्ण होईपर्यंत गहू चालू ठेवा. रक्तातल्या टीटीजी-आयजीए या अँटीबॉडी गहू पोटात जात असतानाच वाढलेल्या दिसतात. गहू थांबला की त्या उतरू लागतात, आतड्याचं अस्तर भरून येऊ लागतं, आणि एंडोस्कोपीत लहान आतड्याचे नमुने घेतले तरी तेही नॉर्मल येऊ शकतात. मग निदान अधांतरी राहतं आणि काही आठवडे मुद्दाम गहू खाऊन पुन्हा तपासणी करावी लागते. टीटीजीबरोबर एकूण आयजीएही मोजायला सांगा. काहींच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असतं. त्यांचा टीटीजी नॉर्मल आला तरी आजार असू शकतो.

हाशिमोटोचा थायरॉईड (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईड ग्रंथीवर उलटते तो आजार) किंवा टाइप १ मधुमेह असेल तर सिलिअ‍ॅकची तपासणी जरूर करून घ्या, कारण हे आजार एकमेकांच्या सोबतीने येतात. पण सिलिअ‍ॅक नसेल, नुसता थायरॉईड किंवा संधिवात असेल, तर गहू सोडल्याने तो आजार आटोक्यात येतो याला अजून पक्का आधार नाही. करून पाहायचंच असेल तर तपासणी झाल्यावर, आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली दीड-दोन महिने करा. गोळ्या मात्र त्या भरवशावर कमी करू नका.

पुढचं सगळं सिलिअ‍ॅकचं निदान पक्कं झालेल्यांसाठी आहे. त्यांच्यासाठी हा आहार म्हणजेच औषध, आणि तो जन्मभराचा.

‘एखादा घास’ का चालत नाही

सिलिअ‍ॅक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत ग्लूटेन सोसतं. रोज ५० मिलिग्रॅम जात राहिलं तर तीन महिन्यांत आतड्याला इजा झालेली दिसते. एका पोळीला साधारण ३० ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लूटेन असतं. म्हणजे एका पोळीचे अडीचशे तुकडे केले तर त्यातला एक तुकडा ही दिवसाची मर्यादा. डब्यात पडलेला पोळीचा चुरा याहून सहज जास्त भरतो.

त्रास झाला नाही म्हणजे चाललं, असंही समजू नका. कित्येकांना पोटात काहीच जाणवत नाही; हिमोग्लोबिन मात्र वर येत नाही आणि हाडं ठिसूळ होत राहतात.

आपल्याकडे काही समजुती घट्ट बसल्या आहेत. खपली गहू चालतो, शरबती हलका असतो, कणीक भाजून घेतली किंवा आंबवली की ग्लूटेन जातं. यातलं एकही खरं नाही. खपली हाही गहूच. रवा, मैदा, दलिया, शेवया, कुरडया ही सगळी गव्हाचीच रूपं आहेत. जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं एक धान्य) यांतही ग्लूटेन असतं, त्यामुळे जवाचं सत्तू, बिअर आणि माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरी बंद. ओट्स स्वतः गहू नसले तरी बाजारातल्या ओट्समध्ये गव्हाची भेसळ जवळपास ठरलेली असते. पहिलं वर्षभर त्यांच्या वाटेला जाऊ नका; नंतरही ग्लूटेनमुक्त शिक्क्याचेच घ्या आणि तेही डॉक्टरांना विचारून.

खरी अडचण चक्कीवर

ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा आणि सगळ्या डाळी मुळात ग्लूटेनमुक्त. मराठी घराला यातलं काहीच नवीन नाही; उपासाचा डबा आणि भाकरीचा डबा एकत्र केला की अर्धं काम झालं. महागडी परदेशी पाकिटं आणायची गरज नाही. गहू शिरतो तो दळताना.

कॉलनीतल्या चक्कीवर दिवसभर गहू दळला जातो. त्यावर तुमची ज्वारी टाकली की दगडांत आणि कापडी नळीत अडकलेलं गव्हाचं पीठ तिच्यासोबत बाहेर येतं. ‘आधी दोन किलो तांदूळ फिरवून घेतो’ असं चक्कीवाला सांगेल, पण त्याने ग्लूटेन कमी होतं, संपत नाही. म्हणून घरची छोटी चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. जुनी, गहू दळलेली चक्की कितीही पुसली तरी या कामाची नाही. घरची चक्की परवडत नसेल तर मिक्सरचं एक वेगळं भांडं ठेवा. तांदूळ, नाचणी, ज्वारी थोडी थोडी घालून फिरवा, मध्ये थांबून थंड होऊ द्या आणि बारीक चाळणीने चाळा. बेसनसुद्धा हरभरा डाळ आणून घरीच दळा. सुट्या बेसनाचा भरवसा धरू नका.

दळण्याआधी निवडणं आलं, आणि इथे घाई करू नका. सियागंजच्या बाजारातून आणलेल्या ज्वारीच्या पोत्याशेजारीच गव्हाचं पोतं असतं आणि मापही तेच असतं. एक गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात तीन-चार मिलिग्रॅम ग्लूटेन. एफएसएसएआयच्या नियमाप्रमाणे ‘ग्लूटेन फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत राहावं लागतं. म्हणजे किलोभर ज्वारीत पाच-सहा दाणे राहिले की ती मर्यादा गाठली. स्टीलच्या मोठ्या ताटात एक वाटी धान्य एका थरात पसरा, उजेडाकडे तोंड करून बसा. गव्हाचा दाणा लांबट आणि मधोमध चीर असलेला, ज्वारीचा गोल. नजर दहा मिनिटांत सरावते. मग दोन-तीन पाण्यांनी धुऊन, सुती कापडावर पूर्ण वाळवून दळा. ओल राहिली तर पिठाला जाळी धरते. मसूर आणि राजमाही असाच निवडा.

भांड्यांची वाटणी

घरातले बाकीचे गहू खाणार असतील तर या वस्तू वेगळ्या लागतातच: पोळपाट-लाटणं, चाळणी, लोखंडी तवा, लाकडी उलथणं, टोस्टर आणि भांडी घासायची घासणी. लाकडाच्या भेगांत आणि चाळणीच्या जाळीत पीठ बसतं, ते निघत नाही. स्टीलची भांडी, कुकर, काचेचे वाडगे नेहमीच्या साबणाने नीट घासले की पुरे. त्यांचा वेगळा संच करण्यात पैसे घालू नका.

ग्लूटेनमुक्त डबे वरच्या फळीवर ठेवा, कणकेचा डबा खाली. पीठ वरून खाली पडतं, उलट नाही. तूप, लोणचं, जॅम यांच्या बरण्या वेगळ्या करा, कारण पोळीला लावलेला चमचा परत बरणीत जातोच. स्वयंपाकाचा क्रमही ठरवा: आधी ओटा पुसून भाकरी, मग घरच्यांच्या पोळ्या. कणीक चाळल्यावर उडालेलं पीठ बराच वेळ खाली बसत राहतं, म्हणून त्या वेळी शेजारी उघडं अन्न नको. कामाला येणाऱ्या मावशींना हे तोंडी सांगून भागत नाही. वेगळ्या भांड्यांना लाल रंगाची खूण करा आणि ‘लाल ते फक्त ताईंचं’ एवढा एकच नियम द्या.

भाकरी मोडते तेव्हा

पोळीची सवय असलेल्या हाताला भाकरी रडवते. गव्हात ग्लूटेन पीठ धरून ठेवतं. ज्वारीत ते काम गरम पाण्याने फुललेला स्टार्च करतो, म्हणून उकड काढा. एक वाटी पिठाला पाऊण ते एक वाटी पाणी घ्या. त्यात चिमूटभर मीठ घालून खळखळ उकळा, गॅस बंद करून पीठ घाला, ढवळून दहा मिनिटं झाका. हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याने पाच मिनिटं मळा. कडा चिरल्या तर पाणी कमी पडलं किंवा पीठ जुनं झालं. बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं, त्यामुळे आठवड्यापुरतंच दळा.

डब्यात नेण्यासाठी पोळीसारखं मऊ काही हवं असेल तर दोन भाग ज्वारी आणि एक भाग तांदळाच्या पिठाची उकड घेऊन वाटीमागे एक छोटा चमचा इसबगोल घाला. पाणी दोन-तीन चमचे वाढवा आणि पंधरा मिनिटं ठेवा. इसबगोल पाणी धरून चिकटपणा देतो, लाटताना फाटत नाही आणि गार झाल्यावर घडीही पडते. जास्त घातला तर भाकरी रबरासारखी होते.

रविवारी दाल-बाफले (उकडून भाजलेले कणकेचे गोळे) व्हायचे त्या घरात बाफल्याची आठवण येतेच. मक्याच्या पिठाचे बाफले पाण्यात उकळायला टाकू नका, ग्लूटेन नसल्याने ते विरघळतात. गरम पाण्यात मळा, वाटीमागे एक चमचा इसबगोल आणि दोन चमचे तूप घाला, इडलीसारखे वीस मिनिटं वाफवा आणि मग ओव्हनमध्ये लाल होईपर्यंत भाजा. चव वेगळी लागेल, पण डाळ-तुपात चुरून खाताना समाधान होतं.

फक्त तांदूळ, साबुदाणा आणि बटाट्यावर दिवस काढू नका. साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसं काही नसतं, बद्धकोष्ठ होतं आणि साखर झपाट्याने चढते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि सिलिअ‍ॅकमध्ये हाडांना त्याची गरज असते. आठवड्यातून तीन-चार वेळा आंबील किंवा भाकरी होऊ द्या.

हिंग आणि इतर लपलेला गहू

घराघरांत सगळ्यात जास्त फसवतो तो हिंग. डबीतल्या हिंगपुडीत खरा हिंग थोडा आणि बाकी डिंक व पीठ असतं. ते पीठ बऱ्याचदा मैद्याचं. खडा घेतला म्हणजे तो शुद्ध, असंही नाही. घटकांची यादी वाचा, तांदळाच्या पिठाचा किंवा ग्लूटेनमुक्त लिहिलेला हिंग घ्या, नाही मिळाला तर फोडणी हिंगाशिवाय करा. हे एकदा लक्षात आलं की पापड, लोणचं, गोडा मसाला, सांबार मसाला आणि पोह्यांवर भुरभुरायचा आपला लाडका जीरावन मसाला, या सगळ्यांच्या यादीत हिंग शोधावा लागतो.

जीरावन घरी करणं सोपं आहे. जिरे चार चमचे, धणे आणि बडीशेप प्रत्येकी दोन, मिरे एक, लवंगा सहा आणि दालचिनीचा बोटभर तुकडा मंद भाजून गार करा. त्यात आमचूर दोन चमचे, काळं मीठ दीड, सुंठ अर्धा, चवीपुरतं तिखट घालून दळा.

मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीतही बहुधा असतो. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो. विकतच्या इडली-डोशाच्या पिठात कधी रवा मिसळलेला असतो. औषधांच्या गोळ्यांत स्टार्च कशाचा आहे ते औषधविक्रेत्याला विचारा. पाकिटावर ॲलर्जीच्या ओळीत गहू किंवा ‘ग्लूटेनयुक्त धान्य’ दिसलं की ते परत ठेवा.

सराफा, छप्पन आणि लग्नाचं जेवण

सराफा आणि छप्पन या इंदूरच्या खाऊगल्ल्या. पोहे तांदळाचे, शेव बेसनाची, भुट्ट्याचा कीस मक्याचा. ऐकायला सगळं चालणारं. पण पोह्याच्या दुकानातली शेव बहुधा कचोरीच्याच कढईत तळलेली असते, वर जीरावन पडतो, आणि जिलबीचा हात पोह्यांना लागतो. कीसाच्या फोडणीत हिंग असतो. गराडू कंद आहे, पण त्याचं तेल कशाकशाचं आहे ते विचारावं लागतं. समोसा तळलेल्या तेलात दुसरं काहीही तळलं तरी ते तुमच्यासाठी बाद. बाहेर बेधडक खाता येईल असं म्हणजे निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, नारळपाणी, आपल्या डोळ्यांसमोर सोललेली फळं आणि दही. पोहे-शेव-जीरावन घरी करा. लौंग सेव घरच्या बेसनाची, स्वच्छ तेलात, हिंगाशिवाय उत्तम होते.

आपल्या लोकांत आग्रहाला तोंड देणं रेस्टॉरंटपेक्षा अवघड जातं. हळदीकुंकू, गणपती, लग्न, सगळीकडे शिरा आणि पुरणपोळी. जाण्याआधी फोन करून सांगा: “काकू, हे डाएट नाही, डॉक्टरांचं औषध आहे. माझा डबा मी आणते, तुमच्याकडचं केळं नक्की घेईन.” केळं पानातून आणि दही वाटीतून आलं की यजमानांचाही मान राहतो. प्रसादाच्या शिऱ्याला हात जोडायचे आणि पंचामृत घ्यायचं. घरच्या पूजेला शिरा वरईचा करा. उकडीचे मोदक घरी दळलेल्या पिठाचे असतील तर बिनधास्त खा.

गोळ्या, साखर आणि पुढच्या तपासण्या

आतडं भरून येऊ लागलं की औषधं जास्त शोषली जातात. थायरॉक्सिन घेणाऱ्यांनी आहार बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घ्यावं. तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड होऊ शकते. ही गोळी सकाळी उपाशीपोटी, आणि लोह किंवा कॅल्शियम तिच्यानंतर किमान चार तासांनी. टाइप १ मधुमेह असेल तर पहिले काही आठवडे साखर जास्त वेळा मोजा, कारण अन्न नीट शोषलं जायला लागलं की इन्सुलिनची गरज बदलते.

सुरुवातीला दूध सोसलं नाही तर घाबरू नका. अस्तर खराब असताना लॅक्टोज पचत नाही. काही आठवडे दूध कमी करा, दही बहुतेकांना चालतं.

चुकून गहू गेलाच तर त्यावर उतारा म्हणून घ्यायची गोळी नाही. पाणी आणि ओआरएस घ्या, साधा भात-वरण खा, आणि काय, कुठे, किती खाल्लं ते लिहून ठेवा. जुलाब थांबत नसतील किंवा साखर घसरत असेल तर डॉक्टरांकडे जा.

टीटीजी सहा महिन्यांनी आणि वर्षाने पुन्हा मोजतात. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व. मोठ्यांना हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी. त्रास काही आठवड्यांत कमी होतो, पण मोठ्या माणसाचं आतडं पूर्ण भरायला दोन वर्षंही लागतात. वर्षानंतरही टीटीजी उतरत नसेल तर आधी हिंग, चक्की आणि बाहेरचं खाणं तपासा. न्यूमोकोकलच्या (न्यूमोनियाच्या जंतूवरच्या) लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. आई-वडील, भावंडं, मुलं यांत साधारण दहातल्या एकाला हा आजार निघतो, म्हणून त्यांना काही त्रास नसला तरी त्यांचीही टीटीजी तपासणी करा, आणि ती होईपर्यंत त्यांच्या ताटातली पोळी तशीच राहू द्या.