कर्नलमधला फाइल सिस्टीमचा बग पकडताना आधी हे करा

लिनक्सच्या कर्नलमधल्या, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यातल्या, ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या फाइल सिस्टीममधला (डिस्कवर फाइल कशा ठेवायच्या ते सांभाळणारा कोड) बग शोधताय ना, मग आपल्या रोजच्या डिस्कवर प्रयोग अजिबात नको, क्यूईएमयू या टूलमध्ये व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरमधला आभासी कंप्युटर, उभं करा आणि त्यात दोन रिकाम्या इमेज फाइल जोडा, कारण एक्सएफएसटेस्ट्स हा फाइल सिस्टीमच्या टेस्टचा संच चालवताना स्क्रॅच म्हणून, म्हणजे खुशाल पुसायला, दिलेली डिस्क पुन्हा पुन्हा फॉरमॅट होते, तिथे चुकून खरं पार्टिशन दिलंत तर डेटा गेलाच समजा.

बग आधी हमखास परत घडवता आला पाहिजे, माझ्या मते निम्मं काम हेच. जुन्या कर्नलवर चालत होतं आणि नव्यावर बिघडलं असेल तर सरळ गिट बायसेक्ट लावा, ते कमिट म्हणजे कोडमधले नोंदवलेले बदल दर वेळी निम्मे करत शोधतं, १००० कमिट असले तरी साधारण १० बिल्डमध्ये दोषी कमिट हाती लागतो. केएएसएएन (मेमरीच्या चुका पकडणारं) आणि लॉकडेप (लॉकच्या चुका पकडणारं) ही कर्नलमधली टूल्स चालू ठेवूनच बिल्ड करा, स्लो होतं खरं पण फ्री झालेली मेमरी वापरणं किंवा लॉकचा उलटा क्रम लगेच डीमेसगमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, दिसतो.

एरर आल्यावर बाहेर पडायचे रस्ते नीट वाचा हं, इनोडचा (कर्नलमधली फाइलची नोंद) रेफरन्स, म्हणजे ती वापरात असल्याची खूण, सोडायचा राहिलेला बऱ्याचदा तिथेच सापडतो. पॅच म्हणजे दुरुस्तीचा बदल पाठवताना फिक्सेस टॅगमध्ये (कुठला कमिट दुरुस्त केला ते सांगणारी ओळ) त्या दोषी कमिटच्या हॅशची, म्हणजे त्याच्या ओळख-क्रमांकाची, पहिली १२ अक्षरं टाका.