मुलांसोबत वरणफळे: डाळ आधी शिजवून ठेवा

मुलांना सोबत घेऊन वरणफळे, म्हणजे आमटीत शिजवलेले कणकेचे लाटून कापलेले तुकडे (तीच ‘फळे’), करायची असतील, तर डाळ आधी शिजवून ठेवावी. बाकीची यादी पुढे देतेच आहे, पण गेल्या वेळी माझे सगळे या एकाच गोष्टीपाशी अडले, म्हणून ती सर्वांत वर. त्या रविवारी संध्याकाळी सात वाजता मी मुलांना हाक मारली, आम्ही तिघांनी कणीक मळली, लाटली, कापली आणि त्यानंतर मी कुकर लावला. डाळ भिजवलेली नव्हती, आमच्याकडचे बोअरचे पाणी जड, आणि घाईघाईत मी चिंचेचा कोळही डाळीबरोबर कुकरमध्येच ओतला होता. चार शिट्ट्यांनंतर झाकण उघडले, तेव्हा डाळीचा दाणा न दाणा वेगळा होता. पुन्हा कुकर लावला. तोवर ताटात एकावर एक रचलेल्या फळांचा चिकटून गोळा झाला, नऊ वर्षांची थोरली रडकुंडीला आली आणि पाच वर्षांचा धाकटा कपभर दूध पिऊन झोपी गेला. त्याने स्वतःच्या हाताने कापलेली फळे त्याला खायला मिळालीच नाहीत, ही गोष्ट मला अजूनही लागून राहिली आहे.

म्हणून डाळ. चार माणसांसाठी एक वाटी तूरडाळ स्वच्छ धुऊन निदान अर्धा तास भिजत घालावी. डाळ जुनी असेल किंवा पाणी जड असेल, तर तासभर भिजवावी आणि शक्य असल्यास पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे, कारण जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळ मऊ व्हायला फार वेळ घेते. आंबट पदार्थाचेही तसेच आहे. चिंच असो, आमसूल असो वा टोमॅटो, डाळ पूर्ण शिजल्याशिवाय तिच्यात काहीही आंबट घालू नये. कुकरमध्ये तीन वाट्या पाणी, चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल घालावे. तेलामुळे फेस कमी येतो आणि शिट्टीची नळी तुंबत नाही. डाळ शिजवताना कुकर अर्ध्याच्या वर भरू नये. शिट्ट्या झाल्यावर वाफ आपोआप जिरू द्यावी, आणि हे सगळे मुले स्वयंपाकघरात येण्यापूर्वी उरकलेले असावे. दुपारी चारला शिजवून घोटून ठेवलेली डाळ सातला उपयोगी पडते. आदल्या दिवशी शिजवून उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेली मात्र आंबते, तेव्हा तसे करू नये.

बाकीचे सामान बहुतेक घरात असतेच: दीड वाटी कणीक, दोन चमचे बेसन, ओवा, तिखट, मीठ, फोडणीचे साहित्य, लसूण, कढीपत्ता, गोडा मसाला, लिंबाएवढी चिंच, गुळाचा खडा, कोथिंबीर, तूप. चिंच मात्र डाळ भिजत घालतानाच, पण वेगळ्या वाटीत भिजत घालावी. वेगळी पोळी, भाजी, भात काहीच लागत नसल्यामुळे महिनाअखेरीस हे जेवण फार सोयीचे पडते. काही घरांत यालाच चकोल्या म्हणतात.

कामांची वाटणी आधीच ठरवावी, कारण ऐन वेळी दोघांनाही लाटणेच हवे असते. पाच वर्षांच्या मुलाला ओवा हातावर चोळून कणकेत घालणे, कढीपत्त्याची पाने काढणे, गूळ मोजून देणे आणि कातण्याने फळे कापणे ही कामे जमतात. कातणे नसेल तर छोट्या वाटीच्या काठाने गोल कापू द्यावे. थोरल्या मुलाने कणीक मळावी आणि लाटावी. कणीक पोळीच्या कणकेपेक्षा घट्टच हवी, नाहीतर फळे आमटीत विरघळतात. सुरी, विळी आणि हिरवी मिरची मुलांच्या हाती देऊ नये. मिरचीचा तिखटपणा नुसत्या पाण्याने जात नाही, आणि मुले तोच हात डोळ्याला लावतात. आधी तेल चोळून मग साबणाने हात धुवावे लागतात. त्यापेक्षा लाल तिखट बरे.

कापलेली फळे पसरण्यासाठी एक मोठे सुती फडके ओट्यावर किंवा जमिनीवर आधीच अंथरून ठेवावे, त्यावर कोरडे पीठ भुरभुरावे आणि फळे एकेक सुटी मांडावीत. ताटात ढीग करू नये. अर्थात डाळ तयार असेल तर फळांना फार वेळ थांबावेच लागत नाही. डाळ नसेल, तर फडक्यावर मांडूनही ती वाळतात किंवा चिकटतात. थोडक्यात, डाळ शिजल्याची खात्री केल्याशिवाय पिठाच्या डब्याचे झाकणसुद्धा उघडू नये.

पातेले रुंद आणि मोठे घ्यावे, कारण फळे फुगतात. फोडणी मोठ्या माणसानेच करावी. मोहरी तडतडून उडते, तेव्हा मुलांना दोन पावले मागे उभे करावे. डाळ, चिंच, गूळ, गोडा मसाला आणि पाच वाट्या गरम पाणी घालून आमटी नेहमीपेक्षा बरीच पातळ ठेवावी, कारण कणीक पाणी पिते. तिला खळखळून उकळी आल्यावरच फळे एकेक करून सोडावीत, तीही मोठ्यांनीच. मुलांनी फडक्यावरची फळे हातात आणून द्यावीत. दहा-बारा मिनिटे, मधूनमधून हलक्या हाताने ढवळणे. शेजारी गरम पाणी हवेच.

ताटे, पाणी, तूप मुले मांडतील. भांडी भिजत घालावीत, पीठ सांडलेला ओटा नंतर पुसावा. फळे गरम असतानाच वाढावीत, धाकट्याला आधी, आणि शक्यतो साडेसातच्या आत. तीनला डाळ भिजत घातलेली असेल तर ते सहज जमते.