डोळ्यांखाली कॅफिन लावण्याआधी

माझी महिन्यातली निम्मी ड्युटी रात्रपाळीची. सकाळी आरशासमोर उभी राहिले की आधी डोळ्यांखालची सूज दिसते. कॅफिनचं सीरम मी चार वर्षं वापरतेय. माझा त्यावर विश्वास आहे, पण ते सगळ्यांसाठी नाही. म्हणून विकत घ्यायच्या आधी आरसा घेऊन खिडकीशी बसा.

डोळ्याखालची त्वचा बोटाने हलकेच बाजूला ताणा. काळ्या वर्तुळाचा रंग तपकिरी असेल आणि ताणूनही तसाच राहिला, तर ते बहुधा रंगद्रव्य. तिथे कॅफिनचा उपयोग नाही, रोज सनस्क्रीन लावणं जास्त कामाचं. मान वर करून उजेडाकडे पाहिल्यावर काळेपणा गेला, तर तो खळग्याची सावली आहे. त्यावरही कॅफिन चालत नाही. निळसर-जांभळी झाक असेल तर मात्र लावून बघा. तिथली त्वचा इतकी पातळ असते की खालच्या रक्तवाहिन्या दिसतात, आणि कॅफिन त्यांना काही वेळ आकुंचित करतं. सूज सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत उतरत असेल, तर ती साचलेल्या पाण्याची; तीही कमी होऊ शकते. दिवसभर तशीच राहणारी फुगवटी बहुतेकदा चरबीची असते. तिच्यासाठी बाटल्यांवर पैसे घालवू नका.

बाटली घेताना मागची घटकांची यादी वाचा; जास्त प्रमाणातले घटक तिच्यात आधी येतात. डोळ्यांखालच्या उत्पादनात 3%च्या आसपास कॅफिन असलं तरी पुरे. टक्केवारी छापलेली नसेल तर फिनॉक्सीइथेनॉल कुठे आहे ते शोधा. हे संरक्षक 1%पेक्षा जास्त घालायला सहसा परवानगी नसते, त्यामुळे कॅफिनचं नाव त्याच्याही खाली असेल तर ते नावापुरतंच आहे. सुगंध घातलेलं सीरम मी डोळ्यांजवळ लावत नाही.

एकदा मी पावडर आणून 5%चं द्रावण घरीच केलं होतं. गरम पाण्यात छान विरघळलं. सकाळी पाहते तर बाटलीच्या तळाशी पांढऱ्या सुयांचा गुंता! साध्या तापमानाच्या 100 मिलिलिटर पाण्यात कॅफिन जेमतेम 2 ग्रॅम राहतं, उरलेलं स्फटिक होऊन खाली बसतं. असे टोकदार कण डोळ्याच्या कडेला घासायचे नसतात. शिवाय संरक्षकाविना अशा पाण्यात जंतू वाढतात, ते वेगळंच. मी ते ओतून दिलं. कॉफीचा चोथाही तिथे चोळू नका, तो त्या त्वचेला फार खरखरीत आहे.

नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज किंवा लाली नसेल तरच पुढे जा. तोंड धुऊन टिपून घ्या, त्वचा किंचित ओलसर असू द्या. दोन्ही डोळ्यांना मिळून एक थेंब पुरतो. अनामिकेने, खालच्या हाडाच्या कडेवर, टिपक्या देत लावा; पापणीच्या केसांपर्यंत नेऊ नका, कारण सीरम हळूहळू वर सरकतं. मिनिटभर थांबून मॉइश्चरायझर आणि मग सनस्क्रीन. घाई केली की रबरासारख्या वळ्या सुटतात, आणि त्या काढताना त्वचा उगाच चोळली जाते.

परिणाम काही तासांचाच. वर्तुळं कायमची जातात असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. मांड्यांवरच्या खळग्यांसाठीच्या कॅफिनच्या क्रीमचंही तेच: दिसण्यात थोडा, तात्पुरता फरक.

आपल्याला लागू पडतंय का हे कळायला मी केलं ते करा. आठवडाभर डाव्या डोळ्याखाली सीरम आणि उजव्या डोळ्याखाली साधं कोरफडीचं जेल, दोन्ही फ्रीजमध्ये ठेवलेलं. माझी सूज दोन्हीकडे सारखीच उतरली, ते काम गारव्याचं होतं. निळी झाक मात्र डावीकडेच कमी झाली. तेव्हापासून रात्रपाळीनंतर निळेपणा दिसला तरच सीरम, नुसती सूज असेल तर गार पाण्याची घडी.

सूज अचानक एकाच डोळ्याला आली, दुखायला लागली किंवा पायही सुजू लागले, तर सीरम बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.